भाऊबीज करून लाइपत्सिगला निघतोय: पहिला हिवाळा आणि नाताळाचा महिना, काय तयारी करावी?

आर्णीवाली

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळच्या खेड्यातून लिहिते आहे. भाऊबीज झाली की आम्ही दोघं जर्मनीत लाइपत्सिगला जातोय. १५ नोव्हेंबर २०२६ च्या आसपास पोहोचू. यांची नोकरी १ डिसेंबरपासून, मी सुरुवातीचे काही महिने घरीच. घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. इमारत जुनी आहे आणि भिंतीला गरम पाण्याचे रेडिएटर आहेत. सामान म्हणजे २३ किलोची प्रत्येकी एक बॅग आणि हातातलं.

आम्हाला ठाऊक असलेली थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला जाताना लागते तेवढी. म्हणून विचारते:

कोट, बूट इथून घ्यायचे की तिकडे? घर गरम ठेवायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं? सासूबाई घरचं तूप, कोहळ्याचे सांडगे, ज्वारीचं पीठ, संत्री आणि नागपूरची संत्रा बर्फी बांधून देणार आहेत, हे सगळं नेता येतं का? आणि नाताळात दुकानं बंद असतात म्हणतात, ती किती दिवस? शेजारी आणि ऑफिसातले लोक आपल्याकडून काय अपेक्षा ठेवतात? मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

ओल_आणि_ऊब

ताई, कोटाबद्दल इथे भरपूर लोक सांगतील. मी घराबद्दल लिहितो, कारण दिवसाचे वीस तास तुम्ही घरातच असणार आणि पहिल्या हिवाळ्यात अंदाज चुकतो तोही तिथेच.

आपल्याकडे भिंती ओल धरतात त्या श्रावणात. तिकडे बुरशी येते ती डिसेंबर-जानेवारीत, आणि ते पाणी पावसाचं नसतं. ते आपल्या श्वासाचं, कुकरच्या वाफेचं, अंघोळीचं आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांचं असतं. गरम हवेत पाणी जास्त मावतं, थंड हवेत कमी. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम पाणी मावतं, शून्य अंशाच्या हवेत जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे घरातली उबदार दमट हवा बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीला लागली की तिथे ती ओल सोडते. घरात २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांच्या खाली उतरल्यावर बुरशीला लागणारी दमटी तयार होते. पाणी ओघळताना दिसायचीही गरज नाही. जुन्या इमारतीत खोलीचे कोपरे, खिडकीच्या कडा आणि कपाटामागची भिंत सहज इतकी गार होते.

यावर तिकडचा उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन. खिडक्या पूर्ण, सताड उघडायच्या, शक्यतो समोरासमोरच्या, पाच मिनिटं, आणि बंद करायच्या. दिवसातून तीन-चार वेळा: उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, अंघोळीनंतर, झोपण्याआधी. बाहेर पाऊस असला तरी उघडायच्या. शून्य अंशाची हवा कितीही ओली दिसली तरी तिच्यात पाणी पाचच ग्रॅम. ती आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते. पाच मिनिटांत हवा बदलते, भिंती आणि सामान मात्र गरम राहतं, म्हणून खोली लगेच पुन्हा उबदार होते.

आता रेडिएटर. त्याच्या मुठीवर १ ते ५ आकडे असतात आणि एक चांदणी. पुष्कळांना वाटतं की हा शेगडीसारखा कमी-जास्त आच करायचा कान आहे. तसं नाही. तो आकडा म्हणजे खोली किती तापवायची ती मर्यादा: १ म्हणजे सुमारे १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४, ५ म्हणजे २८. चांदणीवर फक्त गोठू नये इतपत, सहा अंशांच्या आसपास. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. फक्त २० ला थांबायच्या ऐवजी ती तापतच राहते. बैठकीत ३ वर ठेवा, झोपायच्या खोलीत २ ते अडीचवर, आणि हात लावू नका. मुठीच्या आतला भाग आजूबाजूची हवा चाचपून झडप उघडतो-मिटतो. म्हणून तिच्यावर पडदा आला किंवा समोर सोफा लावला की ती आपल्याच उबेला फसते, झडप लवकर मिटते आणि खोली थंड राहते. खिडकी उघडताना मूठ चांदणीवर आणायची. नाहीतर गार झोत लागून झडप सताड उघडते आणि पाच मिनिटं अंगण तापवणं होतं.

वर गरम आणि खाली कोमट हे ठीक आहे. वरचा भाग थंड आणि आत गुडगुड आवाज म्हणजे हवा अडकली आहे. बाजूला चौकोनी खुंटीचा छोटा नळ असतो, त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. खाली वाटी धरून अर्धा फेरा उघडा, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद करा. त्याआधी घरमालकाला विचारा, कारण नंतर इमारतीच्या यंत्रणेत पाण्याचा दाब पाहावा लागतो.

होणाऱ्या चुका: बैठक तापवून झोपायच्या खोलीचं दार उघडं ठेवणं, म्हणजे फुकटात ऊब जाईल. ऊब कमी जाते, दमटी जास्त जाते, आणि त्या गार खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. कोणतीही खोली १६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, वीतभर नाही तरी चार-पाच बोटं जागा सोडा. कपडे वाळत घातले तर त्याच खोलीचं दार लावून खिडकी जास्त वेळा उघडा. आणि पहिल्याच आठवड्यात एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या, दहा-पंधरा युरोंत मिळतो. ४० ते ६० टक्क्यांत काटा राहिला की झालं.

घराचा ताबा घेताना प्रत्येक रेडिएटरवर चिकटवलेल्या छोट्या मीटरचा आकडा, पाण्याचा आणि विजेचा मीटर, तसंच भिंतीवरचे जुने डाग यांचे फोटो काढा आणि ताब्याच्या कागदावर लिहून घ्या. भाड्यात गरमीचा खर्च दरमहा उचल म्हणून धरलेला असतो, खरा हिशेब वर्ष संपल्यावर. तो पाठवायला घरमालकाला हिशेबाच्या काळानंतर बारा महिने मिळतात. म्हणजे या हिवाळ्याची थकबाकी पुढच्या वर्षी उशिरा दारात येऊ शकते. थोडे पैसे बाजूला ठेवा.

पऱ्हाटी

ताई, आपण कापसाच्या मुलखातले लोक, तरी सांगतो: तिकडं अंगाले लागून कापूस घालू नोका. कापूस घाम पितो आणि ओलाच राहतो. बस पकडाले पाच मिनिटं पळालं, अंग भिजलं, मंग थांब्यावर उभं राहिलं की तोच ओला बनियान अंगातली ऊब ओढून घेते. पहिला थर बारीक लोकरीचा, मेरिनो म्हणतात तो, नाहीतर पॉलिएस्टरचा. दुसरा थर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. तिसरा वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, टोपीवालं, मांड्यांपर्यंत येईन असं. तिकडचे लोक याले कांद्याची रीत म्हणतात, पापुद्र्यावर पापुद्रा. काहून, त ट्राममध्ये, दुकानात, हापिसात २० ते २२ अंश असते. एकच जाडजूड कोट घातला त आत घाम आणि बाहेर गारठा.

लाइपत्सिगमध्ये जानेवारीत दिवसा तीन-चार अंश, रात्री शून्याच्या खाली दोन-तीन, आणि मधूनमधून उणे दहाची लाट. आकडा लय भयानक नाही. पण हवा ओली असते आणि वारा असतो, त्यानं ते जास्त झोंबते.

इथून न्या ते इतकं: थर्मलचे दोघांचे दोन-दोन जोड, लोकरी मोजे, कान झाकणारी टोपी, आणि उतरल्यावर घरापर्यंत पोहोचाले एक जाड स्वेटर अन् विंडचीटर. जाकीट आणि बूट तिकडंच घ्या. आपल्याकडच्या दुकानात मिळते ते महाबळेश्वर-मनालीचा विचार करून बनवलेलं असते. पाणी अडवत नाही आणि बॅगेत तीन किलो खाते. नाताळानंतर हिवाळी कपडे स्वस्त होतात, पण त्याची वाट पाहत महिनाभर काकडू नोका. पहिल्या आठवड्यात एक बरं जाकीट घ्या, दुसरं जानेवारीत.

बूट जाड मोजे घालूनच मापून पाहजा. अंगठ्यापुढं एक बोट जागा पाहिजे. तंग बुटात रक्त अडते, बोटांतली हवा जाते, मंग दोन मोजे घातले तरी पाय बर्फच. तळ रबरी आणि खोल खाचांचा पाहिजे. जाळीचे खेळाचे बूट कामाचे नाहीत. रस्त्यावर मीठ आणि खडी टाकतात, त्या मिठाचे पांढरे डाग चामडं खातात, घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसजा. ओले बूट रेडिएटरवर ठेवू नोका, चामडं तडकते. आत कागदाचे बोळे भरून ठेवजा.

काळा बर्फ दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटते. हात खिशातून बाहेर, पावलं लहान, पूर्ण तळवा टेकवून, अंग किंचित पुढं. चिखलातून बांधावर चालतो ना आपण, तसंच.

सामानसुमान

खाण्याच्या सामानाबद्दल. युरोपीय संघाच्या बाहेरून येताना प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ चालत नाहीत. तूप हा दुधाचाच पदार्थ, त्यामुळे घरचं तूप नाही. पेढे, खवा, पनीर नाही. बर्फीत खवा असेल तर तीही नाही. सासूबाईंना वाईट वाटेल, पण सापडलं तर ते सरळ टाकून देतात. तिकडच्या मिठाशिवायच्या लोण्याचं तूप घरी कढवता येतं: २५० ग्रॅमच्या दोन वड्या मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, बेरी बदामी झाली की गाळायचं. साधारण चारशे ग्रॅम तूप निघतं, आणि चांगलं निघतं.

संत्री नाहीत. ताजी फळं, भाज्या आणि पानं यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचच फळांना. कढीपत्त्याची ताजी डहाळीही त्यात अडकते, म्हणून सावलीत कडकडीत वाळवून चुरा करून न्या. पेरायचं बी, रोपं, तुळशीची कुंडी नको.

सांडगे, पापड, कुरडया, डाळी, भिवापुरी मिरचीचं तिखट, वायगावची हळद, जवसाची चटणी, गूळ, तीळ हे सगळं चालतं. तेलकट लोणचं आणि चटणी मोठ्या बॅगेत. हातातल्या सामानात १०० मिलीच्या वरची डबी काढून घेतात. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच. खसखस आखाती मार्गाने जात असाल तर अजिबात घेऊ नका, संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

ज्वारीचं पीठ न्या, पण पाच किलोच्या वर नको. पीठ दोन-अडीच महिन्यांत जुनं होतं, विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तिकडे पोहोचल्यावर अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका. तरी चिरलीच, तर वाटीभर पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालून उकड काढा आणि मळा.

भांडी निवडण्याआधी घरमालकाला एक प्रश्न विचारा: शेगडी इंडक्शनची की नुसती काचेची तापणारी? इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापतच नाही, इंडक्शनचा तळ असलेलाच लागतो. काचेच्या दोन्ही शेगड्यांना तवा सपाट बुडाचा हवा. आपला खोलगट तवा मध्ये टेकतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा सरकवायचा नाही, उचलायचा, लोखंडाने काचेवर ओरखडे पडतात. भाकरी विस्तवावर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरवायची.

मिक्सर चालतो, वीज तिकडेही २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. फक्त आपली तीन पिनांची फणी तिथल्या भोकात बसत नाही, अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या. इस्त्री आणि हीटर अडॅप्टरवर लावू नका.

रोजची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

चार_मेणबत्त्या

तारखा सांगते, कॅलेंडरवर आत्ताच खुणा करा.

१८ नोव्हेंबर, बुधवार: बूस उंड बेटटाग. ही सुट्टी सबंध जर्मनीत फक्त सॅक्सनी राज्यात असते आणि लाइपत्सिग सॅक्सनीत आहे. तुम्ही पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांतच सगळं बंद सापडेल. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, तिची वेळ निघायच्या आधीच ऑनलाइन घ्या. घरमालकाच्या सहीचा राहण्याचा दाखला लागतो.

२९ नोव्हेंबर, रविवार: पहिला ॲडव्हेंट. नाताळाचा महिना इथून सुरू होतो. चार मेणबत्त्यांचं सूचिपर्णी डहाळ्यांचं कडं टेबलावर ठेवतात, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. २० डिसेंबरला चारही पेटतात. सॅक्सनीत खिडक्यांत लाकडी कमानीवर दिवे लावायची रीत आहे. ती एर्त्सगेबिर्गे या खाणींच्या डोंगराळ भागातली. तुमच्याकडे कमान नसेल तर दिवाळीच्या दिव्यांची माळ लावा, काहीच वावगं दिसत नाही. मात्र कड्यातल्या डहाळ्या आठ-दहा दिवसांत खडखडीत वाळतात आणि मेणबत्ती खाली उतरली की पेट घेतात. देवापुढचा दिवा आणि हे कडं, दोन्ही पडद्यापासून लांब.

६ डिसेंबर: निकोलाउस. ५ च्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात खाऊ असतो. शेजारी लहान मुलं असतील तर बुटात शेंगदाण्याची चिक्की टाकायचा मोह होईल, पण शेंगदाणा आणि तीळ यांची ॲलर्जी असणारी मुलं असतात. आधी आईबापांना विचारा. मोठ्या शेजाऱ्यांना शंकरपाळे किंवा तिळाच्या वड्या देताना पुडीवर एर्डनुस, झेझाम असं त्यांच्या लिपीत लिहा.

ऑफिसात विख्टेलन होतं: चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप भेट. रकमेची मर्यादा सांगितलेली असते, बहुधा पाच-दहा युरो. ती ओलांडू नका, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. २४ च्या संध्याकाळी कुणी घरी बोलावलं तर तो मोठा मान आहे, ती वेळ घरच्यांची असते. सांगितलेल्या वेळेला पोहोचा, दारात बूट काढायचे का विचारा, आणि शाकाहारी असल्याचं आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, जेवायला बसल्यावर नको. अंडं आणि जिलेटिनही नको हे वेगळं सांगावं लागतं.

डिसेंबरात चौकांत नाताळाचे बाजार भरतात. तिथे खायला तुम्हाला काय चालेल: भाजलेले साखरी बदाम, भाजलेले चेस्टनट, उकडलेला मका. बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांत बहुधा अंडं असतं. लेबकूखन या मसाल्याच्या बिस्किटात पुष्कळदा अंडं असतं. श्माल्त्स हा शब्द दिसला तर थांबा, मूळ अर्थ डुकराची चरबी. आता कित्येक ठिकाणी वनस्पती तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. लाल कोबीची भाजीही चरबीत केलेली असू शकते. ग्ल्यूवाइन म्हणजे दारू, बिनदारूचं हवं तर किंडरपुन्श मागा. पेल्याचे अनामत पैसे आधी घेतात, पेला परत केला की मिळतात. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट बाजार १४३४ पासून भरतो, लाइपत्सिगहून रेल्वेने सव्वा-दीड तासात जाता येतं. बहुतेक बाजार २३-२४ ला उठतात, नाताळाच्या सुट्टीत पाहू म्हणाल तर रिकामं मैदान दिसेल.

आता मुख्य गोष्ट. २४ डिसेंबर गुरुवारी येतो, दुकानं दुपारी दोनपर्यंत. २५ शुक्रवार सुट्टी, २६ शनिवार सुट्टी, २७ रविवार. २०२६ मध्ये सलग तीन दिवस आणि वर गुरुवारची संध्याकाळ. आपल्याकडे सणाच्या दिवशी किराणा उघडा असतो, तशी आशा ठेवू नका. मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात, गर्दी आणि भाव दोन्ही जास्त. २४ ला सकाळी रांगा असतात, म्हणून २२ ला खरेदी आटपा: दूध तीन लिटर, दही एक किलो, भाज्या चार दिवसांच्या, कांदे-बटाटे, पाव, आणि संपत आलेली औषधं. दवाखाने नाताळ ते नववर्ष पुष्कळदा बंद असतात. तातडीचं नसलेल्या आजाराला फोन ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. औषधाची दुकानं पाळीपाळीने रात्री-सुट्टीला उघडी असतात, कोणाची पाळी आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शांतता पाळायची असते. ड्रिल, खिळे ठोकणं नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहाही शांतता. मिक्सरचं वाटण संध्याकाळीच करून ठेवा.

फटाके २९ ते ३१ डिसेंबर एवढ्याच तीन दिवसांत विकतात आणि ३१ च्या मध्यरात्री उडवतात. त्या वेळी खिडक्या बंद ठेवा. १ जानेवारी शुक्रवारी, परत सुट्टी. २ ला दुकानं उघडतात.

वर्धेकाठ

घर दमट होऊ नये म्हणून सोपं काम सांगतो. तिकडच्या खिडक्या वरून तिरप्या होतात. त्या दिवसभर तिरप्या ठेवून द्यायच्या, हवा खेळती राहते.

ओल_आणि_ऊब

दादा, उन्हाळ्यात हे बरोबर आहे. हिवाळ्यात नेमकं याच सवयीने बुरशी येते. तिरप्या फटीतून हवा फार हळू बदलते, पण खिडकीवरची आणि बाजूची भिंत तासन्‌तास गार होत राहते. मग त्याच गार पट्ट्यावर ओल धरते. खिडकीच्या वरच्या कडेला काळी रेघ आली तर कारण बहुधा तिरपी खिडकी असते. खाली रेडिएटर असेल तर तो दिवसभर त्या फटीतून बाहेर ऊब सोडतो, ते बिल वेगळं. पाच मिनिटं सताड, मग घट्ट बंद.

स्वयंपाकाचं राहिलं होतं. चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की कोळशाच्या गाळणीतून परत खोलीतच सोडतो ते पाहा. दुसऱ्या प्रकारात वास कमी होतो, वाफ तेवढीच राहते. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा. झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धुराचे गजर कायद्याने असतात, मिरचीची फोडणी त्यांना पुरते. गजर झाला तर जिन्याचं दार उघडून धूर तिकडे सोडू नका. थोड्या-थोड्या वेळाने एकच टिक आवाज येत असेल तर बॅटरी संपली आहे.

आर्णीवाली

खूप खूप आभार सगळ्यांचे. सासूबाईंना वाचून दाखवलं. तूप रद्द, सांडगे वाढले. अजून तीन गोष्टी विचारते. जोडवी आणि काचेच्या बांगड्यांचं काय करायचं? गावाकडे फोन कधी करावा, कारण इथे वीज रात्रीची असली की घरचे पाणी द्यायला शेतात असतात? आणि अंधार लवकर पडतो म्हणतात, मी दिवसभर एकटी असणार.

पऱ्हाटी

जोडवी बुटात काढूनच ठेवा, निदान घराबाहेर जाताना. जाड मोज्यात ते कडं बोटाले दाबते, रक्त अडते, आणि गारठ्यात बोट बधिर झालं की टोचलेलं समजत नाही. पातळ, सपाट पट्टीची जोडवी असन त बुटाचं माप तीच घालून घेजा. मनगटात काचेच्या बांगड्या असल्या की हातमोज्याची कड वर चढत नाही, मधल्या उघड्या पट्टीवर वारा लागते. लांब मनगटाचे हातमोजे घ्या, बांगड्या दोन-दोनच ठेवा. बोटं बधिर झाली त चोळू नोका, तापलेल्या रेडिएटरवर ठेवू नोका. काखेत धरा, मंग कोमट पाण्यात.

चार_मेणबत्त्या

तिकडची घड्याळं २५ ऑक्टोबरला एक तास मागे जातात, म्हणून तुम्ही पोहोचाल तेव्हा फरक साडेचार तासांचा असेल. २८ मार्च २०२७ पासून साडेतीन. तिकडे दुपारचा एक म्हणजे गावात साडेपाच, गुरं घरी यायची वेळ. तेव्हा फोन करा. तिकडे संध्याकाळी पाचला केलात तर इथे साडेनऊ, म्हातारी माणसं झोपलेली असतात. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात तुमचे साडेसात म्हणजे इथे बारा. मोटर सुरू करून घरचे बांधावर बसलेले असतात, तेव्हाही बोलणं होतं.

अंधाराबद्दल. २१ डिसेंबरला लाइपत्सिगमध्ये सव्वाआठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि चारला मावळतो. तुमच्याकडे त्या दिवशी जवळजवळ अकरा तास उजेड असतो, तिकडे आठही नीट भरत नाहीत, त्यात पुष्कळदा आभाळ. म्हणून बाराच्या सुमारास रोज तासभर बाहेर पडा, ढग असले तरी. घरातल्या दिव्यापेक्षा ढगाळ आकाशाचा उजेड कितीतरी पट जास्त असतो. सकाळी उठवतच नसेल, गोड खाण्याची ओढ वाढली असेल, आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल तर ते अंगावर काढू नका, डॉक्टरला सांगा. सकाळी अर्धा तास वापरायचे १०,००० लक्सचे दिवे त्यासाठीच मिळतात.

ऑक्टोबर ते मार्च तिकडच्या उन्हातून ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ऊन न मिळणाऱ्या मोठ्या माणसाला जर्मनीत रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, अशी शिफारस आहे. निघण्याआधी यवतमाळला रक्त तपासून घ्या, कमी असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील.

एकटेपणासाठी फोल्क्सहोखशूले, म्हणजे पालिकेच्या प्रौढशाळेत, भाषेचा वर्ग लावा. नवे वर्ग जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात, जागा डिसेंबरमध्येच भरतात. त्यामुळे पत्त्याची नोंद झाली की दुसरं काम तेच करा.

सामानसुमान

एक राहिलं. नाताळाला गावाहून फराळ पोस्टाने मागवणार असाल तर खासगी भेटीला ४५ युरोंपर्यंतच कर माफ आहे, आणि दुधा-तुपाचा नियम पार्सललाही लागतो. बुंदीचे लाडू तुपातले असतील तर पाठवू नका. तिळगूळ शेंगदाण्याच्या तेलाचा हात लावून वळला तर चालतो. बाहेरच्या फॉर्मवर नुसतं खाद्यपदार्थ असं लिहू नका. तीळ, गूळ, वजन, किंमत असं एकेक लिहा. डिसेंबरात पार्सलं तुंबतात, संक्रांतीला हातात पडायचं तर नोव्हेंबरअखेर टाका. घरी कुणी नसलं तर पोस्टवाला शेजाऱ्याकडे ठेवून पेटीत चिठ्ठी टाकतो. म्हणून दारावरच्या पाटीवर दोघांची आडनावं पासपोर्टवर आहेत तशीच लावून घ्या. पाटीवर नाव नसेल तर पार्सल परत जातं.